पडद्यावरून कॅमेऱ्यात

नागोया, रविवार

तीर्थरूप आई-आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आप्पा, परवा तुम्ही विचारलंत, "पेनड्राइव्ह लावू देत नाहीत, नेट नाही, मग त्या मशीनमधली माहिती बाहेर येते कशी?" आणि नेमका फोन कटला.

आमच्या कारखान्यातल्या मशीनचा कॉम्प्युटर कशालाच जोडलेला नाही. व्हायरस शिरला तर अख्खी लाइन बंद. म्हणून माहिती पडद्यावर क्यूआर कोड होऊन झळकते आणि समोरच्या स्टँडवरचा कॅमेरा ती टिपतो. मध्ये वायर नाही. कॅमेऱ्याकडून उलट मशीनमध्ये काही जायला वाटच ठेवलेली नाही.

एका कोडात फार तर 2,953 बाइट मावतात, आमचा रोजचा अहवाल 300 केबीचा, म्हणजे तीनेक लाख बाइटचा. मग हजार-हजार बाइटचे तुकडे, सेकंदाला पाच. मिनिटभर पडदा नुसता लुकलुकतो. पहिल्या आठवड्यात दुपारी चारला हमखास घोटाळा व्हायचा. खिडकीतलं ऊन पडद्यावर यायचं, दोन-चार तुकडे हुकायचे, आणि "तेवढा परत दाखव" असं मशीनला सांगणार कोण? मी पुठ्ठ्याचा आडोसा लावला, साहेब हसले. खरा इलाज वेगळा निघाला: तुकडे गणिताने एकमेकांत मिसळून, थोडे जास्तीचे पाठवायचे. त्यातले कुठलेही पुरेसे जमले की मूळ फाइल उभी राहते. आई, नळाखाली घागर भरताना कुठला थेंब बाहेर उडाला ते आपण बघतो का? तसंच.

हा कोड इथलाच बरं का. 1994 साली याच आयची प्रांतात, डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाड्यांच्या सुट्या भागांसाठी काढला. कोपऱ्यातल्या तीन चौकोनांपैकी कुठल्याही चौकोनाच्या मध्यातून, कुठल्याही दिशेने रेघ मारा, काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण 1:1:3:1:1 येतं. छापील कागदांवर हे प्रमाण सगळ्यात कमी सापडतं, म्हणून ढीगभर पत्रकं-मासिकं चाळून ते निवडलं. तेलाच्या बोटांनी 30 टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो, तशी सोय केली असेल तर.

पण कोड म्हणजे कुलूप नव्हे. कॅमेरा असलेला कोणीही वाचेल. म्हणून आम्ही फाइल आधी कूटबद्ध करतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करतो, मगच दाखवतो. तुमच्या आधारच्या पत्रावरच्या मोठ्या कोडात वेगळी युक्ती आहे: नाव, पत्ता, फोटो आणि त्यावर आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेची डिजिटल सही. कोणी एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही, आणि हे तपासायला नेट लागत नाही. तेवढं ते पत्र चार घड्या घालून पाकिटात ठेवू नका, आप्पा. घडीवर शाई उडते.

मेतकूट पोचलं. डबा अर्ध्यावर आलाय.

तुमचा,
बाळू