आबा, दादाला मांगूर टाकू देऊ नका

किसुमू, केनिया
रविवार, रात्री

ती. आबा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे. पत्र लिहायला बसलोय याचं आश्चर्य वाटेल, पण फोनवर दादा माझं पुरतं ऐकूनच घेत नाही. परवा म्हणाला, कुणी व्यापारी टेम्पोतून मांगूर माशाचं बी, म्हणजे पिल्लं, तळ्यात सोडायला घरपोच देतोय, सहा महिन्यांत किलोचा होतो, काहीही खातो, मरत नाही. जिताड्यापाठी दोन-तीन वर्षं घालवण्यापेक्षा हे बरं. मी नको म्हटलं तर म्हणतो, "तू फ्रीज दुरुस्त करणारा, तुला मासळीतलं काय कळतंय?"

खरं आहे त्याचं. पण दीड वर्ष मी ज्या कारखान्याचं कोल्ड स्टोरेज सांभाळतोय तिथे एकाच माशाचे तुकडे भरले जातात, आणि त्या माशाने इथल्या व्हिक्टोरिया सरोवराचं काय केलंय ते रोज कानावर येतं.

इथे त्याला म्बुटा म्हणतात, बाहेर नाईल पर्च. पहिल्या दिवशी बर्फातून काढलेला बघून मी आपल्याच तळ्यातला जिताडा समजलो होतो. तसंच कुबड, तसाच खालचा ओठ पुढे आलेला, डोळ्याभोवती पिवळी कडी. नंतर लॅबमधल्या पोराने सांगितलं की दोघं एकाच वंशाचे, सख्खे चुलत भाऊ म्हणा. फक्त हा गोड्या पाण्यातला आणि वाढला तर माणसाहून लांब, दोनशे किलोपर्यंत. आता तेवढे कुणाला दिसत नाहीत. आमच्याकडे येतात ते हात-दीड हाताचे. ५० सेंटिमीटरच्या आतला घ्यायचा नाही असा नियम आहे. पाळतात किती, ते सोडा.

सुट्टीच्या दिवशी मी डुंगा बीचवर जातो. बीच म्हणजे आपल्या बंदरावरची जेट्टी समजा, होड्या लागतात आणि बायका तिथेच मासे तळून विकतात. तिथल्या एका मामाकडे माझं खातं आहे. (इथे वयाने मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात. पहिले आठ दिवस मला हसू आवरत नव्हतं.) मागच्या रविवारी तिने माझ्यासमोर एक म्बुटा फाडला. आधी बोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, अलगद सोडवून बाजूला ठेवला, कारण घोळीच्या बोतासारखा याचाही चीनला जातो आणि त्याचे पैसे मासळीहून जास्त. मग पोटाची पिशवी चिरली. आत गुलाबी लगदा, अगदी आपला ओला जवळा वाटून ठेवलाय तसा. ती इथली बारीक गोडी कोलंबी. त्यात ओमेनाचे चंदेरी तुकडे, हा मांदेलीपेक्षाही लहान मासा. आणि तळाशी बोटभर लांबीची दोन म्बुट्याचीच पिल्लं, एकाचा डोळा अजून चकचकीत. मामाने ती सुरीच्या टोकाने मांजराकडे उडवली आणि म्हणाली, याला आपलं-परकं कळत नाही.

हा मासा चावत नाही, आबा. दात म्हणजे नुसता पॉलिश पेपर, निसटू नये म्हणून. तोंड एकदम उघडतो, पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढलं जातं आणि सबंध गिळतो. पिल्लू असताना पाण्यातले डोळ्याला न दिसणारे किडे, मग कोलंबी आणि चतुराच्या अळ्या, मग मासे. जसं तोंड वाढेल तसा घास वाढतो. एकाच जातीचा मासा वाढता वाढता सरोवरातल्या प्रत्येक पायरीवरचं खाऊन जातो.

आणि हा इथला नाहीच. सरोवर केवढं तर आपले नऊ रायगड जिल्हे आत बसतील, आणि त्यात म्बुट्याएवढा मोठा शिकारी मासा नव्हता. होते ते फुलू. बोटाएवढे, फार तर तळहाताएवढे मासे, पण पाचशेच्या आसपास जाती, आणि प्रत्येकीचा धंदा वेगळा. कुणी दगडावरचं शेवाळ खरवडणार, कुणी गोगलगायी फोडणार, कुणी दुसऱ्याचे खवलेच ओरबाडणार. यांची आई अंडी तोंडात धरून सांभाळते, तर दुसऱ्या एका जातीचं पोट तिच्या तोंडातून ती अंडी-पिल्लं ओकायला लावण्यावर चालतं! १९७० च्या दशकापर्यंत सरोवरातल्या मासळीच्या वजनात पाचातले चार हिस्से फुलूच होते. पण इंग्रज साहेबांच्या लेखी तो कचरा. काटेरी, बारीक, साहेबाच्या ताटात न शोभणारा. मग शक्कल निघाली की या कचऱ्याचं खाणं करून मोठा मासा तयार करू, गळ टाकून पकडायलाही मजा. १९५४ च्या सुमारास युगांडाच्या बाजूला, जिंजाकडे, गुपचूप म्बुटे सोडले. नको म्हणणारे शास्त्रज्ञ तेव्हाही होते. १९६२-६३ मध्ये उघडपणे आणखी सोडले, त्यातले काही इथे किसुमूलाच.

पुढची पंधरा-वीस वर्षं काहीच झालं नाही, आणि दादाला मला हेच सांगायचंय. "टाकून बघू, काही बिघडलं तर बघू" असं तो म्हणतो ना, तर इथे बिघडलेलं दिसायलाच वीस वर्षं लागली. १९८० नंतर काही वर्षांतच जाळ्यात फुलू येईनासे झाले आणि म्बुटेच म्बुटे. तोंडात मोजकी अंडी सांभाळणारी आई एकीकडे आणि लाखोंनी अंडी सोडणारा हा दुसरीकडे, जुळायचं कसं? दोनशेच्या आसपास जाती गेल्या असं धरतात. सगळा दोष म्बुट्याचा नाही. शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणी उतरून पाणी हिरवं, गढूळ झालं. फुलूची मादी रंग बघून नर निवडते, तिला गढूळ पाण्यात तांबडा कुठला आणि निळा कुठला तेच दिसेना, जाती एकमेकांत मिसळल्या. वरून जलपर्णी. तळाशी प्राणवायू उरला नाही.

फुलू संपल्यावर म्बुटा उपाशी मरेल असं वाटेल. नाही मेला. त्याने कोलंबी खाल्ली, कारण कोलंबी खाणारे फुलू गेल्यामुळे ती मातली होती. ओमेना खाल्ला. आणि स्वतःची पिल्लं खाल्ली. मामाच्या सुरीखाली निघाली ती ही. पुढे माणसांनी म्बुटाच बेसुमार मारला तेव्हा काही फुलू पुन्हा दिसू लागले. काही वाचले होते खडकांच्या कपारीत, काही काठच्या लव्हाळ्यात, जिथलं कोंदट पाणी म्बुट्याला सोसत नाही. परत आले तेही जुन्यासारखे नाहीत. एका जातीचे तर कल्लेच मोठे झालेत, कमी प्राणवायूत तग धरायला. वीस-पंचवीस वर्षांत!

आता मांगूरचं. व्यापारी 'थाई' म्हणून विकतो तो मांगूर थायलंडचा नाही, आबा, तो इथला, आफ्रिकेचा. इथे त्याला मुमी म्हणतात. आणि इथे त्याची किंमत काय, तर म्बुटा धरायला शेकडो गळ लावलेली दोरी सोडतात, त्या गळांना जिवंत मुमीची पिल्लं टोचतात. आमिष! इथे त्याला गिळणारा आहे म्हणून तो आपल्या जागी आहे. आपल्या शिवारात त्याला गिळणारा कोण? तो वरून हवा घेतो, चिखलात राहतो, ओल्या बांधावरून सरपटत पलीकडे जातो. मागे जुलैत तळं फुटून पाणी खाचरांत पसरलं होतं, आठवतंय ना? तसं एकदा झालं की दादाचा मांगूर दादाचा राहत नाही. पहिल्या पावसात वलगणीला, म्हणजे अंडी घालायला, वर चढणारे आपले मळ्ये, शिंगट्या आयते त्याच्या तोंडात. शेजारच्या काकांच्या तळ्यात जिताड्याची पिल्लं आहेत, ती त्याच्या तोंडात. भांडण आपल्या दाराशी. आणि सरकारने त्यावर बंदी घातलीये, पकडलं तर बी सगळं पुरायला लावतात, हे व्यापारी सांगणार नाही.

म्बुट्याने लोकांचं नुसतं वाटोळं केलं असं लिहिलं तर खोटं होईल. डुंग्यावर होड्या आल्या, कारखाने आले, माझा पगारही त्याच्याच पाठीवर आहे. मामाची दोन पोरं त्याच्यावर शिकली. पण फुलू उन्हात वाळायचे, आपल्या सुकटीसारखे, फुकट. म्बुटा तेलकट, तो उन्हात टिकत नाही, धुरी द्यावी लागते नाहीतर तळावा लागतो, म्हणजे लाकूड आलं. आणि चांगलं मांस विमानाने युरोपला जातं. इथल्या बायका कारखान्याच्या दाराशी रांग लावून डोकं आणि काटा विकत घेतात. त्याला म्गोंगो वाझी म्हणतात, म्हणजे उघडी पाठ. मी रोज ती रांग ओलांडून कामावर जातो. पहिल्या महिन्यात त्या काट्याचं कालवण केलं होतं. डोक्याला चव छान आहे, जिताड्याच्या डोक्याइतकी नाही.

दादाला म्हणावं, पैशाची निकड असेल तर मी या महिन्यात थोडे जास्त पाठवतो, पण बयाणा दिला असेल तर परत माग. आणि पहिल्या पावसात खाडीवर जिताड्याची पिल्लं मिळतील तेव्हा दरवर्षीपेक्षा शंभर जास्त घ्या, ते पैसे माझ्याकडे लागू.

आई, ओमेना मी लसूण-मिरची घालून जवळ्यासारखा परततो, माझ्या खोलीतल्या दोन्ही पोरांना आवडतो. पण तुझा मसाला संपत आला. पेणचे शिंदेकाका पुढच्या महिन्यात नैरोबीला यायचेत, त्यांच्याकडे किलोभर दे. दोन पिशव्यांत बांध, मागच्या वेळी त्यांच्या शर्टांना लागला होता.

तळ्याच्या उत्तरेकडच्या बांधाला खेकड्यांनी बिळं केली होती, ती बुजवली का ते कळवा.

तुमचा,
बाळू