तलवारीचं वजनही लिहा

संपादक महोदय,

नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ साली लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना सोडवून आणली, फार चांगलं झालं. मुठीवरचं सोन्याचं काम, पात्यावरचं देवनागरी नाव, सगळं छापून आलं. ती भरते किती आणि तोलते कुठे, म्हणजे बोटावर आडवी ठेवली तर कुठल्या जागी समतोल राहते, हे मात्र माझ्या वाचनात आलं नाही. टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात हत्यारं आणि साचे बनवतात त्या विभागात, हयात गेलेल्या माणसाला आधी तेच विचारावंसं वाटतं.

आपल्या संग्रहालयांतली पाटी बहुधा 'तलवार, लोखंड, १८ वे शतक' एवढ्यावर संपते. उरलेलं गाइड भरून काढतो. एका किल्ल्यावर मी चाळीस किलोची तलवार ऐकली. सहलीला आलेली पोरं आ वासून ऐकत होती. घोड्यावर बसून चाळीस किलो एका हाताने कोण फिरवणार, हे कुणी विचारलं नाही.

माझ्याकडे परवान्याच्या दोन जुन्या तलवारी आहेत. एक फिरंग: सरळ युरोपी पातं, मूठ इथली, वजन ११४० ग्रॅम. दुसरी वक्र, १०९० ग्रॅम. काट्यावर जेमतेम पन्नास ग्रॅमचा फरक. पण हातात घेतल्या की वक्र तलवारच जड लागते! कारण फिरंगेचा तोल परजेपासून (मूठ आणि पातं यांमधल्या आडव्या पट्टीपासून) ११ सेंमीवर आहे, हिचा १७ वर. फिरंगेचं पातं १४ सेंमीने लांब असूनही मुळाशी ५ मिमी जाड आहे आणि अणीकडे २ मिमीपर्यंत उतरत जातं. शिवाय मुठीच्या जाळीचं वजन हाताशीच राहतं. वक्र पातं शेवटपर्यंत ४ मिमीच्या खाली येतच नाही. त्यात तिच्या मुठीच्या टोकाची चकती मनगटाला अडते, म्हणून वार खांद्यातून, ओढून करावा लागतो. फिरंगेला मुठीच्या मागे दांडी काढलेली असते, ती दुसऱ्या हाताने धरता येते. लढायची रीतच वेगळी. काचेबाहेरून यातलं काय दिसणार?

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि इंग्लंडातल्या लीड्सचं रॉयल आर्मरीज हे शस्त्रसंग्रहालय हिंदुस्थानी तलवारींचीसुद्धा लांबी आणि वजन नोंदवून ठेवतात. आपल्याला काय अडचण आहे? साफसफाईसाठी शस्त्रं कपाटाबाहेर काढावीच लागतात. तेव्हाच वजन, पात्याची लांबी आणि तोलाची जागा एवढं लिहून घ्यावं. वजनकाटा, टेप आणि हातमोजे, खर्च संपला. जाडी मोजायचीच असेल तर प्लॅस्टिकचं कॅलिपर वापरावं, चरे पडत नाहीत.

आणि त्या साफसफाईत बफिंग मशीन (घासून चकाकी आणणारं यंत्र) लांब ठेवा, ही हात जोडून विनंती. बफ मारला की पात्याची जाडी घटते, कारागिराचे ठसे जातात. मग मोजायला उरतं काय?

पुणे परिसरातल्या कुठल्याही संग्रहालयाने बोलावलं तर मी मोजमापाला येईन. मानधन नको, फक्त उजेड चांगला हवा.

– एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड