फ्रेड ॲलनविषयी

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

रंगमंचावरून रेडिओकडे जाताना नटाचे काय हरवते, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. माझ्यापाशी त्याचे नेमके उत्तर नाही. पण त्याच वाटेने गेलेल्या फ्रेड ॲलन या अमेरिकन विनोदवीराविषयी तुला लिहावे, असे तेव्हापासून मनात आहे.

त्याचे खरे नाव जॉन फ्लॉरेन्स सलिव्हन. जन्म १८९४ मधला, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा. बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी करता करता तो चेंडू झेलण्याची कसरत शिकला आणि व्हॉडेव्हिलमध्ये, म्हणजे एकाच तिकिटात गाणी, नाच, नकला व कसरती दाखवणाऱ्या खेळांत, ‘जगातला सर्वांत वाईट जगलर’ म्हणून उभा राहू लागला. लोक त्याच्या कसरतीपेक्षा तिच्यासोबतच्या बोलण्याला अधिक हसत, त्यामुळे हळूहळू चेंडू मागे पडले आणि बोलणे तेवढे उरले. रेडिओची तयारी त्याच्याही नकळत तिथेच झाली, असे मला वाटते.

व्हॉडेव्हिलमध्ये दहा-पंधरा मिनिटांचा एक खेळ नीट बसला की तो गावोगावी वर्षानुवर्षे चाले, कारण प्रत्येक गावातला प्रेक्षक नवा असे. रेडिओवर मात्र सारा देश एकाच रात्री तो विनोद ऐकून मोकळा होई. १९३२ मध्ये सीबीएस या रेडिओ वाहिनीवर आलेल्या ॲलनला १९३४ पासून ‘टाउन हॉल टुनाइट’ या कार्यक्रमासाठी दर आठवड्याला तासभराचा नवा मजकूर लागू लागला. हाताशी लेखक असूनही बराचसा मजकूर तो स्वतःच लिही, आणि त्यासाठी रोज वर्तमानपत्रांचा ढीग वाचून काढी. या कष्टांनी त्याचे शरीर थकले. रक्तदाबामुळे १९४४ मध्ये त्याला काही काळ कार्यक्रम थांबवावा लागला.

मला सर्वांत प्रिय आहे ती १९४२ मध्ये सुरू झालेली त्याची ‘ॲलन्स ॲली’. एका कल्पित गल्लीत तो एकेक दार ठोठावतो आणि त्या आठवड्यातल्या एखाद्या बातमीविषयी प्रत्येकाला तोच प्रश्न विचारतो. दाराआड कधी ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचा खेडूत टायटस मूडी असतो, कधी यहुदी गृहिणी मिसेस नुसबॉम, तर कधी अमेरिकेच्या दक्षिणेचा गडगडाटी सिनेटर क्लॅगहॉर्न. नाट्यगृहात यासाठी पडदे रंगवावे लागले असते. इथे दारावरची एक थाप आणि एक आवाज एवढ्यात ते घर आणि त्यातला माणूस दोन्ही उभे राहतात. स्टुडिओतला प्रेक्षक त्याला का नकोसा वाटे, हे यावरून कळते: त्याला घरी बसून ऐकणाऱ्याशी बोलायचे होते.

वाहिनीच्या अधिकाऱ्यांशी त्याचे कधी जमले नाही. एप्रिल १९४७ मध्ये त्याने वाहिनीच्या उपाध्यक्षांवर केलेल्या विनोदाच्या वेळी, त्याचा कार्यक्रम तेव्हा जिच्यावर होता त्या एनबीसी वाहिनीने ३५ सेकंद त्याचा आवाजच बंद केला. पुढे त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर बक्षिसे वाटणारा ‘स्टॉप द म्युझिक’ सुरू झाला आणि श्रोते तिकडे वळले. २६ जून १९४९ रोजी त्याचा कार्यक्रम संपला. त्या रात्रीचा पाहुणा होता रेडिओवरचाच दुसरा विनोदवीर जॅक बेनी, ज्याच्याशी १९३६ च्या डिसेंबरापासून त्याने लटके वैर चालवले होते आणि जो प्रत्यक्षात त्याचा जिवलग मित्र होता.

तू दिवाळीत येशील तेव्हा आपण ॲलीचे चार-दोन भाग शेजारी बसून ऐकू. खोलीतला दिवा मात्र मालवायचा.

तुझा,
माधव