सहा दिवसांचे कुलूप

मिरज (जि. सांगली)

ती. आई व बाबा यांस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

बाबा, तुमचे पत्र मिळाले. साताऱ्याच्या आपल्या प्रार्थनामंदिराच्या (चर्चच्या) छपराच्या दुरुस्तीवर पंचांची दोन तास चर्चा झाली आणि शेवटी एका तरुणाने, "सहा दिवस कुलूप असलेल्या मंदिराच्या छपरावर एवढा पैसा कशाला घालायचा?" असे विचारल्यावर सगळे गप्प झाले, हे वाचून मला त्या मुलाचा राग आला नाही. तुम्हालाही आला नसावा, नाहीतर आमची इथली ख्रिस्ती मंडळी काय करते हे तुम्ही मला विचारलेच नसते.

आम्ही काय केले हे सांगण्याआधी आमचे कुठे चुकले ते सांगते. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल सुरू केले, आणि तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचेच गाव होऊन बसले आहे. कोकणातून, कर्नाटकाच्या सीमाभागातून रुग्ण येतात. त्यांना खाट मिळते, पण सोबत आलेल्या माणसांना रस्त्याकडेच्या झाडाखालीच पथारी पसरावी लागते. एका नाताळात आमच्या मंडळीने त्यांना साठ ब्लँकेटे वाटली. मागे फलक होता, फोटोही निघाले. अंथरूण-पांघरूण तर बहुतेकांनी घरूनच आणलेले होते. कन्नड बोलणारी एक आजी ब्लँकेट काखेत धरून तशीच उभी राहिली आणि मोडक्यातोडक्या मराठीत तिने मला विचारले, "बाई, अंघोळीला जागा हाय का?" मुलाचे ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते आणि त्या चार दिवसांत तिने लुगडे बदललेले नव्हते. आपल्याला काय हवे हे कोणी तिला विचारलेच नव्हते, आणि विचारणाऱ्यांत मीही नव्हते, याची मला फार लाज वाटली.

मंदिरामागच्या व्हरांड्यात दोन मोऱ्या अडगळीने भरलेल्या होत्या. त्या रिकाम्या केल्या, दारांना आतून कड्या बसवल्या आणि एका सभासदाच्या माळ्यावर पडून असलेला तांब्याचा बंब कल्हई करून आणला. सकाळी सहा ते नऊ गरम पाणी, मोबाईल चार्ज करायला भिंतीवर आठ प्लगांची पट्टी आणि चहा, एवढाच काय तो कारभार. महिला मंडळाच्या चौघीजणी वार लावून येतात. वहीत फक्त नाव आणि गाव लिहायचे, जात-धर्माचा रकानाच ठेवलेला नाही. खर्च म्हणावा तर लाकडे, साबण आणि चहा-साखर. खरी ओढाताण माणसांची होते, कारण पहाटे साडेपाचला किल्ली घेऊन येणारी माणसे कोणत्याही मंडळीत थोडीच असतात.

चहाचे महत्त्व मला उशिरा कळले. लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या पाळकांनी १९५३ साली, आत्महत्येच्या विचारापर्यंत आलेल्या माणसांशी बोलण्यासाठी चर्चमध्ये टेलिफोन ठेवला. भेटायला येणाऱ्यांची गर्दी वाढली तेव्हा, ताटकळत बसलेल्यांना चहा देऊन त्यांच्याशी बोलणारे साधे स्वयंसेवकच त्यांना आधार देत आहेत आणि बऱ्याच जणांना मग पाळकांना भेटण्याची गरजही उरत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. समॅरिटन्स ही संस्था त्यातूनच उभी राहिली. आमच्या बंबाजवळच्या बाकावर मी हेच रोज पाहते.

लोक याला धर्मांतर म्हणतील त्याचे काय, हा तुम्ही विचारलेला दुसरा प्रश्न अवघड आहे. "किती जणांना बाटवलं?" असे कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांनी आम्हालाही विचारले होते. धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायच्या नाहीत आणि कोणी आपण होऊन सांगितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही, असे आम्ही ठरवले. आमच्या पाळकांना ते प्रथम पटले नाही. पण पोराचे ऑपरेशन झालेल्या बाईच्या हातात गरम पाण्याच्या बादलीबरोबर पत्रिका ठेवली तर तिला नको म्हणता येत नाही, आणि नको म्हणता येत नसलेल्या माणसापुढे धर्म ठेवणे मला तरी अप्रामाणिक वाटते. पुढे ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा त्याच रिक्षावाल्यांनी आम्हाला न विचारता तीन कुटुंबे आणून मंदिराच्या आवारात उतरवली.

मात्र साताऱ्यात तुम्ही बंब लावू नका. तुमच्या मंदिरापासून दवाखाने लांब आहेत, आणि आमची नक्कल म्हणजे पुन्हा ब्लँकेटेच होतील. तुमच्या पत्रात एक ओळ ओझरती आली आहे, की गळीत हंगामात मंदिरामागच्या माळावर ऊसतोडीच्या टोळ्या कोप्या (झोपड्या) घालतात. पहाटे आईबाप फडात गेले की मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढते. आपण ज्याला संडे स्कूल म्हणतो, ते रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे सुरू केले ते मुळात अशाच मुलांसाठी. सहा दिवस कामाला जुंपलेल्या मुलांना रविवार तेवढा मोकळा सापडे, म्हणून त्या दिवशी त्यांना वाचायला शिकवत. वचने पाठ करून घेण्यापुरते ते आपण नंतर उरवले, असे मला वाटते (बाबा, रागावू नका).

आई, तू आयुष्यभर पहिलीचा वर्ग सांभाळलास. गुडघ्यांमुळे तुला माळावर जाता येणार नाही, पण मुले मंदिरात येऊ शकतील. धाकट्यांना सांभाळायला कोणी असेल तरच मोठ्या मुली पाटीला हात लावतील, म्हणून आधी पाळण्याची सोय करा, फळ्याचे मागाहून पाहता येईल. छपराबद्दल शंका काढणाऱ्या त्या तरुणालाच बरोबर घेऊन बाबांनी मुकादमाला भेटावे, आणि मुलांना काय हवे हे मुकादमाला न विचारता कोप्यांतल्या बायांना विचारावे. जवळच्या शाळेतही सांगून ठेवावे, म्हणजे मुलांची नावे तिथे लागतील. सगळे तुम्ही दोघांनीच अंगावर घेऊ नका. किल्लीची दुसरी प्रत करून त्या तरुणाकडे द्या.

मी दिवाळीनंतर चार दिवस रजा टाकून येत आहे. व्हरांड्यातल्या नळाला सकाळी पाणी किती वेळ असते, तेवढे मात्र त्याआधी कळवा.

तुमची लाडकी
बेबी