पिशव्या शिवणाऱ्या हातांनो, मनापासून आभार

बेळगावच्या गणपत गल्लीत भाजी घेणाऱ्यांच्या हातात हल्ली जुन्या लुगड्यांच्या, पँटच्या पिशव्या दिसतात. त्या शिवणाऱ्या वडगाव-शहापूरच्या मावश्यांना आपलं नाव कुठं यायला नको आहे. म्हणून नाव न घेताच हे आभार.

कपडे धुऊन, घडी घालून देणाऱ्या घरांचेही आभार. पण खरं काम शिलाईचं. जीन्सच्या पायाला तळ शिवला की निम्मी पिशवी तयार. सुती साडी मात्र वापरून विरलेली असते, तिचं कापड दुहेरी घ्यावं लागतं. काठ कापून बंदांना लावला तरच तांदळाचं वजन पेलतं. बंद जोडतात तिथं चौकोन आणि आत फुली, अशी शिलाई हवी. ती एका वयस्क टेलरकाकांनी दुकानाची वेळ संपल्यावर थांबून शिकवली. एक पैसा घेतला नाही त्यांनी!

कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. तरी बळ्ळारी नाल्यात त्याच अडकतात, आणि पावसाळ्यात पाणी शिवारात शिरलं की भाताच्या रोपांत येऊन बसतात. ते बघून जीव तुटतो. म्हणूनच, "पिशवी आणलीस काय गं?" असं प्रत्येकीला विचारणाऱ्या भाजीवाल्या मावशी, तुमचे उपकार मोठे आहेत.

जुन्या सुती चादरी अजून हव्या आहेत. जॉर्जेट मात्र नको, त्याची शिवण सरकते.