'किरकोळ नोकऱ्या' म्हणजे काय हो?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला फ्रेंच गायिका झाओ द सागाझांवरचा लेख वाचला. सोमवारी राग गिळला, आज लिहायला बसले. म्हणे 'ऑलिम्पिकने एका रात्रीत घडवलेली गायिका'! पॅरिसच्या समारोपात ती गायली ११ ऑगस्ट २०२४ ला. तिचा पहिला अल्बम आला मार्च २०२३ मध्ये. २०२४ च्या फेब्रुवारीत तिला 'व्हिक्तवार द ला म्युझिक' या फ्रान्समधल्या मानाच्या संगीत सन्मानाचे चार पुरस्कार मिळाले आणि मे महिन्यात कान चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला अनवाणी गाऊन तिने ज्युरीच्या अध्यक्ष, दिग्दर्शिका ग्रेटा गर्विगचे डोळे ओले केले. रात्र बरीच लांबली म्हणायची.

तेही सोडा. 'सुरुवातीला किरकोळ नोकऱ्या केल्या' असं लिहून तुमच्या लेखकाने जे उरकलं, ते काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल. किरकोळ! माझ्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. देखभालीला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोच्या तीन बायका आल्या नि गेल्या. कमिशन एक तारखेला चोख, बदली बाई मागितली की फोन बंद. चौथ्या मावशी टिकल्या. सासूबाई दात आवळून बसायच्या, पेजेचा घास आत जायचा नाही. मावशी चमचा वाटीत ठेवून हळूच जात्यावरची ओवी धरायच्या. सासूबाईंचे ओठ हलू लागले की चमचा आत. संध्याकाळच्या गोळ्याही तशाच. करून बघा म्हणावं लेखकाला.

झाओचा तो खर्जातला, कानाशी येऊन बोलणारा आवाज ऐकला की मला मावशी आठवतात. तिने तो तिथेच कमावला असा माझा दावा नाही, पण त्या कामाबद्दल दोन ओळी तरी? शिल्पकार वडिलांवर मात्र दोन परिच्छेद आहेत. मुलगी सें-नाझेरची, जहाजं बांधणाऱ्या बंदराच्या गावची. तुम्ही तिला 'पॅरिसकन्या' करून टाकलंत. जाक ब्रेल, बार्बरा या जुन्या फ्रेंच गाण्यांच्या गायकांच्या वळणाचे शब्द आणि खाली इलेक्ट्रॉनिक ठेका, ही तिची खरी गंमत, त्याबद्दल अवाक्षर नाही. नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी छापलंय, ते वेगळंच.

जाता जाता, गेले तीन रविवार शब्दकोड्याखाली उत्तरं भलत्याच कोड्याची येताहेत. उभा शब्द १४ कुणाला सुटला नसेल अशी आपली समजूत असल्यास, मला सुटला आहे.

कळावे,
एक जुनी वाचक, ठाणे