बर्फात घर की बर्फापासून दीड तासावर?

संपादक महोदय,
सादर नमस्कार.

परदेशात गेलेल्या आपल्या मुलांनी महानगरं सोडून बर्फाच्या डोंगरांत बिऱ्हाड हलवावं, असं सुचवणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. फोटो झकास होते. पण नोकरीचा विषय 'लॅपटॉप असला की झालं' एवढ्यात आणि घराचा विषय दोन ओळींत उरकला होता, आणि खरी गोम तिथेच आहे. आमच्या घरात गेल्या वर्षापासून दुसरा विषय नाही, म्हणून लिहितो.

माझा भाचा धुळ्याचाच. इथल्याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनीअर झाला, पुण्यात उमेदवारी केली, आता टेक्ससमध्ये डॅलसला असतो. तिथली हवाही आपल्यासारखीच भाजून काढणारी. एका हिवाळ्यात मित्रांबरोबर डोंगरात जाऊन स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर पळणारी स्कूटरसारखी गाडी, चालवली आणि तेव्हापासून त्याला डॅलस नकोसं झालंय. दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर नव्या गावाचं नाव निघतं. परवा माझ्या बहिणीला म्हणाला, "आई, जठे बर्फ शे तठे घर परवडत नही, जठे घर परवडस तठे काम नही." बहीण म्हणाली, "मंग आठेच ये ना." तिच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या दृष्टीने तिथे सुरू झाला.

मी गॅरेजवाला माणूस. राजदूत, येझदी, लूना, किनेटिक होंडा, सगळ्या माझ्या हाताखालून गेल्या. भाच्याकडे गेलो होतो तेव्हा तो मला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला घेऊन गेला होता. बाकीचे डोंगर बघत होते, मी भाड्याने स्नोमोबाईली देणाऱ्याच्या शेडमध्ये रमलो. तिथल्या कारागिराने एका गाडीचं बाजूचं पॅनल उघडलं आणि मला हसूच आलं. आत पुढे एक पुली, मागे एक पुली आणि मधे रबरी बेल्ट. वेग वाढला की पुढची पुली आवळते, बेल्ट वर चढतो, मागची उघडते. गिअर नाही, क्लच दाबायचा नाही. पिथमपुरात बनणाऱ्या आपल्या किनेटिक होंडात हेच होतं. त्याच्या बोलण्यातलं अर्धं मला कळत नव्हतं, पण झिजलेल्या बेल्टच्या कडेवर त्याने अंगठा फिरवला तेव्हा दोघांचीही मान एकदमच हलली. बेल्ट तुटला तर डोंगरात ढकलत कोण आणणार? म्हणून जादा बेल्ट गाडीतच ठेवतात.

इंजिन टू-स्ट्रोक. आपल्याकडे धुराच्या नियमांनी ते बाजारातून गेलं, तिथे डोंगरासाठी ८५० सीसीचं नवं कोरं मिळतं, कारण वजनाला हलकं. खाली चाकांऐवजी रबरी पट्टा आणि त्यावर तीन-तीन इंचांचे दात, भुसभुशीत बर्फात रुतू नये म्हणून. उंचीवर हवा विरळ. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी उतरते, म्हणजे नऊ हजार फुटांवर पाव ताकद गेलीच. म्हणून आता टर्बोवाल्या, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या गाड्याही आल्या आहेत. अशी नवी गाडी पंधरा ते वीस हजार डॉलरच्या घरात जाते. वर ती ओढायला ट्रेलर, ट्रेलर ओढायला पिकअप.

हे सगळं पाल्हाळ वाटेल, पण घर शोधताना हिशोब इथूनच सुरू होतो. पुरवणीतल्या फोटोतला तो टुमदार फ्लॅट या माणसाच्या कामाचा नाही. त्याला गॅरेज हवं, ट्रेलर उभा करायला जागा हवी आणि सोसायटीची हरकत नको. तिथेही आपल्यासारख्या सोसायट्या आहेत, बऱ्याच ठिकाणी दारात ट्रेलर ठेवू देत नाहीत. बेडरूम किती हे सगळे विचारतात, ट्रेलर कुठे ठेवणार हे कोणी विचारत नाही.

आता गावं. लेखात वायोमिंगमधल्या जॅक्सनचं भरभरून कौतुक होतं. गाव सुंदर आहे यात वाद नाही. पण ते ज्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, येतं तिथली सत्त्याण्णव टक्के जमीन सरकारी, जंगल नाही तर राष्ट्रीय उद्यान. उरलेल्या तीन टक्क्यांत सगळी वस्ती. त्यात वायोमिंग राज्यात राज्याचा आयकर नाही, त्यामुळे देशभरातले धनाढ्य तिथे घरं घेऊन बसलेले. मग हॉटेलात भांडी घासणारा, शाळेत शिकवणारा, दवाखान्यातला कर्मचारी राहणार कुठे? त्यातले पुष्कळ जण डोंगर ओलांडून आयडाहोतल्या व्हिक्टर, ड्रिग्जला राहतात आणि टीटन पास हा घाट चढून-उतरून रोज कामाला येतात. ८ जून २०२४ ला त्या घाटातला रस्ताच खचून खाली गेला. साठ मैलांहून जास्त वळसा पडला, पहाटे चारला उठून माणसं कामावर निघायला लागली. २८ जूनला तात्पुरता रस्ता सुरू झाला तेव्हा कुठे सुटका झाली. लेखात हा घाट 'निसर्गरम्य प्रवास' म्हणून आला आहे. ज्याला रोज जायचंय त्याला विचारा.

यलोस्टोन उद्यानाच्या वेशीवरचं वेस्ट यलोस्टोन तर स्नोमोबाईलची पंढरीच. पण वस्ती हजार-बाराशेची, आणि काम सगळं पर्यटकांच्या जिवावर. उद्यानाच्या आत हवी तशी गाडी नेता येत नाही. कमी धुराच्या, कमी आवाजाच्या ठरावीक गाड्या, सोबत वाटाड्या किंवा आधी काढलेला परवाना, तोही डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. मोकळं रान हवं तर शेजारचं आयलंड पार्क हे गाव. तिथेही इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनीअरने करायचं काय? बर्फ चार-पाच महिने, घराचा हप्ता बारा महिने.

मोंटानातल्या बोझमनचं नाव भाच्याने स्वतःच खोडलं. कोरोनाच्या काळात लॅपटॉपवाले तिथे इतके लोटले की घरांचे भाव स्थानिकांच्या हाताबाहेर गेले. २०२१ मध्ये तिकडे घरकर्जाचं व्याज तीन टक्क्यांच्या आसपास होतं, २०२३ च्या ऑक्टोबरात ते सातच्या वर होतं. ज्याने तीनने कर्ज घेतलंय तो घर विकून सातचं कर्ज कशाला काढेल? म्हणून जुनी घरंही बाजारात येत नाहीत. ही गोष्ट लेखात एका वाक्यात तरी यायला हवी होती.

आणि 'लॅपटॉप असला की झालं' हे तर आपल्या मुलांना सांगूच नये. भाचा एच-वन-बी व्हिसावर, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर आहे. त्या व्हिसात कामाची जागा कागदावर बांधलेली असते. घरूनच काम करत असला, तरी त्या शहराच्या परिसराबाहेर मुक्काम हलवायचा तर कंपनीला आधी सुधारित अर्ज भरावा लागतो. नोकरी सोडून आधी डोंगरात जाऊ, मग काम बघू, असं म्हणायची सोय नाही. नोकरी सुटली की जास्तीत जास्त साठ दिवस. त्यात दुसरी कंपनी शोधायची, नाही तर व्हिसा बदलायचा किंवा देश सोडायचा. एक-दोनच कारखाने असलेल्या बर्फाच्या गावात नोकरी गेली तर साठ दिवसांत कोण दार उघडणार? शिवाय सूनबाईही नोकरी करते. एका गावात दोघांना काम मिळायला हवं, हा मुद्दा लेख लिहिणाऱ्याला सुचलेला दिसत नाही. बहुधा तो एकटा राहत असावा.

भाच्याचं मन आयडाहो फॉल्सवर आहे. तिथे घरं त्या मानाने आवाक्यात, आयलंड पार्क दीड तासावर. अणुऊर्जेची मोठी राष्ट्रीय प्रयोगशाळा जवळच आहे. अणुशक्तीपासून वापरण्याजोगी वीज पहिल्यांदा तिथेच डिसेंबर १९५१ मध्ये तयार झाली. पण तिथल्या बऱ्याच जागांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, म्हणजे आमच्यासाठी ते दार आज तरी बंद. आयडाहोचीच राजधानी बॉइझी हा दुसरा पर्याय. मेमरी चिप बनवणारी मायक्रॉन कंपनी १९७८ पासून तिथली. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला काम आहे, आणि डोंगर हाकेच्या अंतरावर नसले तरी गाडीच्या टप्प्यात आहेत.

माझं मत विचाराल तर युटामधलं ऑग्डन. मी ते पाहिलेलं नाही, नकाशा आणि भाच्याच्या शंभर लिंका एवढाच माझा अभ्यास. आपलं भुसावळ जसं जंक्शनवर वाढलं तसं हे गाव रेल्वेच्या जंक्शनवर वाढलं. तिथून सॉल्ट लेक सिटीला लोकल गाडी जाते, म्हणजे नोकरी मोठ्या शहरात आणि घर त्यातल्या त्यात स्वस्त गावात. एक नोकरी गेली तर त्याच पट्ट्यात दुसरी शोधता येते. भाच्याच्या मुलाला शाळा आहे, विमानतळ जवळ आहे, आणि सूनबाईला उडदाची डाळ, ज्वारीचं पीठ मिळाल्याशी मतलब. तिचं म्हणणं, कळण्याची भाकरी थापता आली पाहिजे, बाकी मग बर्फ असो की वाळू. राहिला मुख्य प्रश्न. ऑग्डनच्या वर माँटे क्रिस्टो म्हणून भाग आहे, हिवाळ्यात तिथला राज्य महामार्ग बंद होतो आणि त्यावरून स्नोमोबाईली जातात. सॉल्ट लेकच्या पूर्वेला मिरर लेकच्या रस्त्याचंही तसंच. भाच्याचा आक्षेप धुराचा आहे आणि तो खरा आहे. हिवाळ्यात त्या खोऱ्यात गार हवा खाली अडकते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि गाड्यांचा धूर दिवसेंदिवस हटत नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. सुट्टीच्या दिवशी धुराच्या वर डोंगरात जायचं, एवढंच सांगितलं.

जवळ राहण्याच्या बाजूने मात्र एक गोष्ट मला पटली आहे, आणि तीही लेखात नव्हती. डोंगरातल्या या खेळात माणूस मरण्याचं एक मोठं कारण म्हणजे हिमस्खलन. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार, वर ताजा बर्फ, आणि शर्यतीने कोण जास्त उंच चढतो ते बघायचं. बर्फाचा थर बहुतेक वेळा सुटतो तो त्याच टोळक्यातल्या कुणाच्या तरी वजनाने. गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांच्या आत निघाला तर आशा, पुढे ती झपाट्याने उतरते. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर बीकन, म्हणजे गाडला गेल्यावर ठावठिकाणा सांगणारं यंत्र, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोधायला घडीची लांब काठी, आणि चढावर एका वेळी एकच गाडी. युटात हिमस्खलनाचा अंदाज हिवाळ्यात रोज सकाळी फुकट मिळतो. तो वाचून घरी बसायची हिंमत कोणाला होते? जो दीड तासावर राहतो त्याला. डॅलसहून रजा टाकून, पैसे भरून आलेला माणूस दोन दिवसांत अंदाजाकडे बघत नाही, तो चढतोच. भाच्याने मुक्काम हलवावा असं मी म्हणतो ते याच कारणासाठी.

ता. क. म्हणून लिहिणार होतो ते इथेच लिहितो. आपल्या बाजूच्या पोरांना अमेरिका सोडा, मनालीचं वेड लागलं आहे. अटल बोगदा २०२० मध्ये झाल्यापासून 'तिथे जागा घेऊन होम-स्टे टाकू' असं माझ्या गॅरेजच्या बाकावर बसून बोलणारे बरेच आहेत. हिमाचलच्या १९७२ च्या कुळ व जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ११८ नुसार, जो तिथला शेतकरी नाही त्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. तुमच्या साक्री तालुक्यातल्या सातबाऱ्यावर तिथे शेतकरी ठरता येत नाही. इसार देण्याआधी वकिलाला विचारा. आणि आमचं धुळं तरी काय वेगळं? मनमाड-इंदूर रेल्वेला केंद्राच्या मंत्रिमंडळाची मंजुरी २ सप्टेंबर २०२४ ला मिळाली, पण रेल्वे येणार म्हणून त्याच्या कितीतरी आधी प्लॉट घेऊन बसलेली माणसं नरडाण्याच्या बाजूला भेटतील. प्लॉट आहे, घरही स्वस्तात बांधून होईल, पण पोरगं पुण्यात. काम नसलेल्या गावातलं स्वस्त घर काय कामाचं, हे खान्देशातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

तेव्हा विनंती एवढीच की, लेखाचा पुढचा भाग छापणार असाल तर तो सहलीला जाऊन आलेल्याकडून लिहून घेऊ नका. तिथे भाडं भरणाऱ्या, दोन पाळ्यांत नोकरी करणाऱ्या आणि फेब्रुवारीत दारातला बर्फ स्वतः उपसणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाकडून लिहून घ्या. त्यात व्हिसाचा नियम, घरभाडं, हिवाळ्यातलं हीटरचं बिल आणि गाडीचा विमा एवढं तरी येऊ द्या. भाचा ऑग्डन आणि बॉइझी, दोन्हीकडे अर्ज टाकून बसला आहे. पुरवणीचं कात्रण त्याला पाठवायचं की नाही, ते पुढचा भाग वाचून ठरवीन.

आपला नियमित वाचक,
एक गॅरेजवाला,
देवपूर, धुळे